बॉम्बे स्ट्रीटवरून पऱ्हाटी दिसत नाही

मँचेस्टरमध्ये एक बॉम्बे स्ट्रीट आहे. मॅपवर टाकून बघा, व्हिटवर्थ स्ट्रीटच्या आसपास सापडेल. स्ट्रीट म्हणण्यासारखं तिथे फार काही नाही. उंच, लालतपकिरी विटांच्या इमारतींमधली एक बोळ आहे, इतकंच. जवळच एशिया हाउस आहे आणि थोडं पुढे इंडिया हाउस. नाव वाचून वाटावं की आपली वकिलात असेल. पण १९०६ साली बांधलेल्या या इमारतीत कापडाच्या ताग्यांच्या घड्या घातल्या जायच्या. मग ते दाबून, गठ्ठे बांधून जहाजावर चढवायला पाठवायचे. आता तिथे फ्लॅट आहेत. खिडक्यांमध्ये मनीप्लँट आणि सायकली दिसतात.

शाळेत आपण 'भारताचे मँचेस्टर' म्हणून अहमदाबाद लिहिलं आणि 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' म्हणून इचलकरंजी. एकेका मार्काचा प्रश्न. मूळ मँचेस्टर काय चीज आहे हे कुणी विचारलं नाही आणि सांगितलंही नाही. पुढे कॉलेजात ते नाव फक्त फुटबॉलपुरतं उरलं. नोकरीसाठी मी इथे आले तेव्हा बाबांनी पहिल्याच व्हिडिओ कॉलवर विचारलं, "तिकडं पऱ्हाटी हाये का व?"

आमचं गाव दर्यापूर-अंजनगाव पट्ट्यातलं. काळी माती आणि कापूस. ज्यांना पऱ्हाटी शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, वऱ्हाडात कपाशीच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात. आमच्याकडे सहा एकर. त्यामुळे 'कापसाचं शहर' म्हटल्यावर बाबांच्या डोळ्यांसमोर पऱ्हाटीच येणार. मी त्यांना खिडकीतून बाहेरचा पाऊस दाखवला. इथे कापसाचं एक बोंडही पिकत नाही. उलट हा सततचा ओलसरपणाच या भागाच्या कामी आला. दमट हवेत सूत कमी तुटतं. "म्हंजे आपल्याकडं पाऊस आला की कापूस भिजते, अन् त्यांच्याकडं पाऊस आला की धागा टिकते," बाबा म्हणाले. त्यानंतर बराच वेळ ते हसत होते.

गंमत म्हणजे बाबा मँचेस्टरच्या इंजिनामागे बसून प्रवास केलेले आहेत. मूर्तिजापूर-अचलपूर आणि मूर्तिजापूर-यवतमाळ या नॅरोगेज मार्गांवर धावणारी 'शकुंतला' वऱ्हाडातल्या माणसाला वेगळी सांगायला नको. किलिक निक्सन या कंपनीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा रूळ टाकला. हेतू उघड होता: इथला कापूस मूर्तिजापूरला मुख्य लाइनवर न्यायचा आणि तिथून मुंबई बंदरात. देशातल्या रेल्वे सरकारजमा झाल्या तरी हा रूळ कंपनीचाच राहिला. शकुंतला ओढणारं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं होतं, आणि ते १९९४ पर्यंत ओढत राहिलं. आता गाडीच बंद आहे. पण बाबांच्या बोलण्यात अजून येतं की ती इतकी सावकाश जायची की उतरून, लघवी करून पुन्हा चढता यायचं.

माझं ऑफिसही एका जुन्या गोदामातच आहे. मधोमध ओतीव लोखंडाचे खांब, वर उघड्या विटा, आणि त्याचं कौतुक म्हणून जास्तीचं भाडं. लोक समजतात की मँचेस्टर म्हणजे गिरण्या. सुरुवातीला ते खरंही होतं. अँकोट्समध्ये १७९०च्या दशकातली मरे बंधूंची गिरणी अजून उभी आहे. वाफेवर चालणाऱ्या गिरण्यांमधल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. (तिच्या आसपास आता उत्तम ब्रेड मिळतो. परळला गेलेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल.) पण पुढे गिरण्या ओल्डहॅम, बोल्टन, रॉचडेल अशा भोवतालच्या गावांत पसरल्या आणि मँचेस्टर व्यापाराचं गाव झालं. इथे कापड विणण्यापेक्षा विकलं जास्त गेलं. गावाचा खरा देव्हारा म्हणून गिरणीपेक्षा रॉयल एक्स्चेंज दाखवायला हवं.

सेंट अ‍ॅन्स स्क्वेअरमधली ही इमारत बाहेरून एखाद्या राजवाड्यासारखी दिसते. आत गेलात की आधी मान वर जाते. तीन घुमट आणि त्यांच्याखाली एवढं मोठं दालन की ऐन भरात इथे दहा हजारांच्या आसपास सभासद असायचे. सूत कातणारे, कापड विणवून घेणारे, निर्यात करणारे, सगळे इथे उभ्या उभ्या सौदे करायचे. १९४०च्या डिसेंबरात जर्मन बॉम्बनं त्याचा मोठा भाग उडवला. पुन्हा बांधलं तेव्हा दालन लहान झालं, कारण धंदाच लहान झाला होता. १९६८ साली व्यवहार कायमचे थांबले.

१९७६मध्ये या रिकाम्या दालनात नाटकवाले शिरले. जुन्या फरशीला थिएटरचं वजन झेपणार नव्हतं, म्हणून त्यांनी स्टील आणि काचेचं एक सातकोनी नाट्यगृह बनवून ते दालनाच्या चार जाड खांबांवरून टांगलं. जवळपास दीडशे टन वजनाचं. चंद्रावर उतरलेलं यान चुकून देवळाच्या सभामंडपात आलंय असं दिसतं ते. प्रेक्षक चहूबाजूंनी बसतात, रंगमंच मध्ये. १९९६मध्ये आयआरएच्या बॉम्बनं शहराचा मध्यभाग हादरला, थिएटरही बंद पडलं, दोन वर्षांनी पुन्हा उघडलं. मी तिथे पहिल्यांदा नाटक बघायला गेले ते स्वस्त तिकीट होतं म्हणून. मध्यंतरात कॉफी घेऊन उभी होते तेव्हा वर भिंतीवर लक्ष गेलं. तिथे भावफलक आहे. १९६८च्या शेवटच्या दिवशी बाजार बंद होताना जे आकडे होते तेच अजून लावलेले आहेत.

मी फोटो काढून बाबांना पाठवला. बाबा रोज सकाळी चहाआधी मोबाईलवर भाव बघतात. अकोट किती, वर्धा किती, हमीभावाच्या वर की खाली. आमच्या घरात इतर कशाहीपेक्षा जास्त वाचला जाणारा मजकूर तोच आहे. दहा मिनिटांनी व्हॉइस नोट आली. "फोटो मोठा करून पायला. भाव खंडीचा का क्विंटलचा?" मी लिहिलं की इथला हिशेब पौंडावर चालायचा, वजनाच्या पौंडावर. त्यावर पुढचा प्रश्न, "आन् शेतकऱ्याले त्यातले किती भेटत होते?"

त्या फलकावर तो रकाना नाही.

एक्स्चेंजच्या दारातच रिचर्ड कॉब्डनचा पुतळा आहे. मुक्त व्यापाराचा पुरस्कर्ता, मँचेस्टरचा लाडका. सरकारनं व्यापारात हात घालू नये हे या शहराचं तत्त्वज्ञान. सभेसाठी बांधलेल्या सभागृहाचं नावसुद्धा फ्री ट्रेड हॉल. हे सगळं ऐकायला छान आहे. पण १८९६ साली हिंदुस्थानात काय झालं ते याच्या शेजारी ठेवून बघा. सरकारला पैशाची गरज म्हणून बाहेरून येणाऱ्या कापडावर साडेतीन टक्के कर लागला. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनी आरडाओरडा केला, आणि बरोबरी व्हावी म्हणून मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांत विणलेल्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी कर बसवला गेला. आपल्याच देशात विणून आपल्याच देशात विकलेल्या कापडावर. हा कर १९२५ पर्यंत राहिला. कॉब्डन तोवर गेलेला होता, त्याला दोष देता येणार नाही. पण त्याच्या पुतळ्याजवळून जाताना मला साडेतीन हा आकडा आठवतोच.

आणखी एक प्रकार. १८७०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांमध्ये पहाटेपासून अंधारापर्यंत बाया-पोरं राबतात याची लँकेशायरला अचानक कणव आली. त्यांच्याकडे कामाच्या तासांवर कायदा होता, मुंबईत नव्हता, म्हणजे मुंबईचं कापड स्वस्त. दडपण आलं आणि १८८१चा पहिला फॅक्टरी अ‍ॅक्ट झाला. कायदा तोकडा होता. मोठ्यांच्या तासांना त्यानं हात लावला नाही. फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४पासून मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या, हजारो सह्यांची निवेदनं दिली, तेव्हा कुठे १८९०च्या जूनमध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. स्वार्थातूनही कधी कधी कायदा निघतो. पण सुट्टी मागावी लागते ती कामगारालाच.

आता ज्या गोष्टीचा मँचेस्टरला सगळ्यात जास्त अभिमान आहे ती. लिंकन स्क्वेअरमध्ये अब्राहम लिंकनचा पुतळा आहे. अमेरिकेचा अध्यक्ष इथे का? तर १८६१मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली तेव्हा लँकेशायरचा पाऊण हिश्शाहून जास्त कापूस तिथल्या दक्षिणेतल्या मळ्यांतून येत होता, गुलामांनी वेचलेला. उत्तरेच्या आरमारानं बंदरं अडवली आणि कापूस थांबला. गिरण्या बंद पडल्या. १८६२च्या अखेरीस पाच लाखांच्या आसपास माणसं मदतीच्या भाकरीवर होती. याला इथे 'कॉटन फॅमिन' म्हणतात, कापसाचा दुष्काळ. ३१ डिसेंबर १८६२ला फ्री ट्रेड हॉलमध्ये सभा भरली. पोटाला नाही तरी आम्ही गुलामगिरीविरुद्ध, लिंकनच्या बाजूनं, असा ठराव करून पत्र पाठवलं गेलं. लिंकननं जानेवारीत उत्तर दिलं. त्या उत्तराचा भाग पुतळ्याखाली कोरला आहे.

सगळंच लँकेशायर लिंकनच्या बाजूनं नव्हतं. दक्षिणेला मान्यता देऊन कापूस आणा असंही बरेच जण म्हणत होते, आणि उपाशी माणसाला ते म्हणायचा हक्क होता. तरीही ती सभा झाली हे खरं, आणि ती मोठीच गोष्ट आहे. मी तिथे डबा खायला बसते. उन्हाळ्यात बरं वाटतं.

पण दुष्काळ म्हणजे कुणाचा दुष्काळ? अमेरिकेचा कापूस बंद झाला तशी मँचेस्टरची नजर आपल्याकडे वळली. मुंबईत कापसाचे भाव तिप्पट-चौपट झाले. पैसा इतका आला की तो ठेवायचा कुठे कळेना. समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, त्यांचे शेअर निघाले, शेअरवर सट्टा निघाला. प्रेमचंद रायचंद हा त्या सट्ट्याचा बादशहा. राजाबाई टॉवर त्याच्या पैशातून, त्याच्या आईच्या नावानं उभा आहे. १८६५मध्ये युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस पुन्हा येऊ लागला आणि मुंबईचा फुगा फुटला. व्यापारी बुडाले, त्यांची नावं पुस्तकांत आहेत. ज्या शेतकऱ्यांना चढ्या भावाच्या भरवशावर कर्ज मिळालं होतं, त्यांचं कर्ज भावाबरोबर उतरलं नाही. दहा वर्षांनी, १२ मे १८७५ला, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद काढून जाळले. ते लोण भोवतालच्या गावांत पसरलं. दख्खनचे दंगे म्हणून आपण ते शिकलो. कापसापेक्षा वाढीव शेतसारा हे त्याचं मोठं कारण, असं बरेच अभ्यासक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पण कोरड्या जमिनीवरचा शेतकरी एकाच वेळी सारा आणि सावकार दोघांच्या तावडीत कसा सापडतो, यात भावाच्या त्या चार वर्षांचा वाटा नाही असं म्हणणं मला जमत नाही. माझ्या गावात प्रत्येक चांगल्या भावाच्या वर्षानंतर ट्रॅक्टरचे हप्ते सुरू होतात.

आपल्या कापसाचं लँकेशायरमध्ये स्वागत कसं झालं हेही ऐका. हिंदुस्थानातून येणाऱ्या कापसाला तिथे सरसकट 'सुरत' म्हणत. धागा आखूड, त्यात पाला-कचरा, सारखा तुटायचा. कामगाराला मजुरी मालाच्या हिशेबानं, त्यामुळे सुरत कापूस लागला की दिवसभर मर मर मरून हातात कमी पैसे. 'सुरत' हा शब्द त्या काळी तिथे भिकार, भेसळीच्या मालासाठी वापरला जाऊ लागला. मला आधी राग आला. मग वाटलं, आमच्या वेचणीच्या बायांना किलोवर पैसे मिळतात, कवडी कापूस आला की त्याही अशाच शिव्या देतात. दोन्ही बाजूंना तोच कापूस आणि तोच राग, आणि एकमेकांची नावंही ठाऊक नाहीत. लिंकनचं पत्र मँचेस्टरच्या कामगारांना आलं. वऱ्हाडाला किंवा सुप्याला कुणाचं पत्र आलं नाही.

शहर बेइमान आहे असं मला म्हणायचं नाही. उलट स्वतःच्या इतिहासाशी भांडायची सवय या शहराला आहे, आणि ती मला फार आवडते. १६ ऑगस्ट १८१९ला सेंट पीटर्स फील्डवर साठेक हजार माणसं मताचा हक्क मागायला जमली होती, बायका-मुलांसह, ठेवणीतले कपडे घालून. त्यांच्यावर घोडदळ घालण्यात आलं. अठरा जणांचा जीव गेला असं आता मानतात, जखमी शेकड्यांनी. वॉटर्लूच्या लढाईवरून चिडवून त्याला 'पीटर्लू' नाव पडलं. त्या जागेवर कित्येक वर्षं एक निळी पाटी होती आणि तिच्यावर मारलं गेल्याचा उल्लेखच नव्हता. जमाव लष्करानं पांगवला, एवढंच. लोक त्या पाटीविरुद्ध लढले आणि २००७मध्ये ती बदलून लाल पाटी लागली, मेलेल्यांचा उल्लेख असलेली. २०१९मध्ये स्मारक झालं, गोल पायऱ्यांचं. तेव्हा अपंग माणसं म्हणाली, समतेचं स्मारक आणि आम्हाला वर चढता येत नाही? ते भांडणही रास्तच होतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात मँचेस्टर कॅथीड्रलच्या बाहेर गांधींचा नऊ फुटी पुतळा उभा राहिला. दक्षिण आफ्रिकेत असताना काळ्या लोकांबद्दल त्यांनी जे लिहिलं ते पुढे करून विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी विरोध केला. पुतळा बसलाच. मी दोन्ही बाजू वाचल्या आणि विद्यार्थ्यांनी विचारलेला प्रश्न मला वाजवी वाटला. तरी पुतळा तिथे असावा असंही वाटतं. कारण एक्स्चेंजपासून पाच मिनिटांवर, या शहराच्या कापडाला नाही म्हणणारा माणूस उभा आहे. शिल्पकार राम सुतार, आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. हे मी बाबांना सांगितलं तर त्यांना गांधींपेक्षा धुळ्याचंच जास्त कौतुक.

गांधी खरोखरच या भागात आले होते. १९३१च्या सप्टेंबरात, गोलमेज परिषदेसाठी लंडनला आलेले असताना. त्याच्या आधीच्या डिसेंबरात मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा झालेला बाबू गेनू त्याच ट्रकखाली गेला होता. तोही गिरणी कामगारच, आंबेगाव तालुक्यातून मुंबईत आलेला. बहिष्कार आणि जागतिक मंदी यांनी मिळून लँकेशायरमध्ये घराघरांत बेकारी आणली होती. त्या बेकार माणसांना भेटायला गांधी डार्वेनला गेले.

मी मागच्या महिन्यात तिथे जाऊन आले. मँचेस्टर व्हिक्टोरियावरून गाडी सुटते, बोल्टनवरून पाऊण-एक तासात डार्वेन. लहान, चढउताराचं गाव. दुरूनच एक धुराडं दिसतं, एवढं नक्षीदार की आधी मला चर्च वाटलं. तीनशे फूट उंच, इटालियन मनोऱ्यासारखं. गिरणीचं नाव इंडिया मिल. १८६०च्या दशकात बांधलेली, म्हणजे तो कापसाचा दुष्काळ सरत असतानाच.

गांधींचा तिथला फोटो तुम्ही पाहिला असेल. ग्रीनफील्ड मिलच्या बाहेर, पंचा नेसलेला तो बारका माणूस आणि भोवती हात उंचावून हसणाऱ्या, एप्रन घातलेल्या कामगार बायका. ज्यांचा रोजगार गेला त्याच गावातल्या. त्यांनी दगड मारले असते तरी समजण्यासारखं होतं. गांधींनी त्यांना काही गोड सांगितलं नाही. तुमच्याकडे तीस लाख बेकार आहेत, आमच्याकडे तीस कोटी माणसं अर्धं वर्ष रिकामी बसतात, अशा अर्थाचं ते बोलले. तरी त्या हसताहेत. फोटोसाठी हसल्या असतील, किंवा त्याच्याबद्दल इतकं ऐकून तो एवढासाच निघाला म्हणून. मला वाटतं, भाव आणि कर आणि कोटी यांच्या पलीकडचा एक माणूस पहिल्यांदाच समोर आला म्हणून.

धुराड्याखालून मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्र झाली होती, ते ओसरीत होते. कॅमेरा वर वर नेत त्यांना ते टोकापर्यंत दाखवलं. "इंडिया मिल?" त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले की यंदा चार एकरात सोयाबीन पेरलं. बोंडअळीचा खर्च झेपत नाही, वेचायला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरीत कापूसच जातो. हे मला आधी सांगितलं नव्हतं. गेल्या दोन वर्षांपासून पीककर्जाचा हप्ता माझ्या पगारातून जातो, त्यामुळे मला सांगायला त्यांना अवघड वाटलं असावं.

"आन् बाकीचे दोन एकर?"

"थे पऱ्हाटीच हाये," बाबा म्हणाले. "थ्या धुराड्यावरून काही दिसते का माय, पाय बरं."